हाताला लागलं तेवढंच

नेरला कॉलेजसाठी काकांच्या घरी भाड्याने खोली घेतली त्या पहिल्याच दिवशी त्यांनी माझी गादी उलटी केली. शिवण उसवलेल्या कोपऱ्यातून चिमूटभर कापूस काढला, दोन्ही हातांच्या अंगठ्यांत धरून हळूच ओढला आणि म्हणाले, "कवडी."

मी घाबरले. मला वाटलं, आता खोली मिळत नाही. आमच्या तांड्यातून कॉलेजपर्यंत आलेली मी पहिलीच मुलगी, त्यामुळे कुठल्या गोष्टीला नकार म्हणायचं आणि कुठल्या गोष्टीला नाही हे मला अजून कळत नव्हतं. बा सोबत आले होते. ते चाचरत म्हणाले, "साहेब, घरचाच कापूस आहे."

"घरचा असला म्हणून काय झालं? डागी हाये, किडका हाये. याले कवडीच म्हणा लागते," काका म्हणाले. मग तीच गादी त्यांनी स्वतः खांद्यावर घेतली, खोलीत नेऊन टाकली आणि वरून हात फिरवून सारखी केली. "झोप पोरी आरामात. झोपेले ग्रेड नाही लागत."

काका कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. मी गेले तेव्हा त्यांना निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती. गाडीतला कापूस हातात घ्यायचा, धागा ओढून बघायचा, ओल बघायची, काडीकचरा बघायचा आणि ग्रेड सांगायचा, हे त्यांचं काम. सुपर, फेअर, कवडी. नोकरी सुटली तरी हात सुटला नव्हता. देवापुढची वात, दुलई, दवाखान्यातून आणलेल्या पुडक्यातला कापूस, काहीही दिसलं की अंगठे पुढे यायचे. कापूस नसेल तरी ग्रेड असायचाच. काकूंचा चहा बहुतेक वेळा सुपर. बसस्टँडवरची भजी फेअर. पुण्याहून मुलाचा फोन आला आणि तो दोन वाक्यांत संपला की काका फोन ठेवून म्हणायचे, "कवडी." काकू म्हणायच्या, "पोराले कामं असते." काका म्हणायचे, "मी कारण नाही सांगत. ग्रेड सांगतो."

आणि रस्त्याने चालताना त्यांचे दोन्ही हात नेहमी पाठीमागे बांधलेले असत. मला आधी वाटायचं, वयामुळे कंबर दुखत असेल. काकूंनी सांगितलं की ही सवय यार्डातली आहे. हात मोकळा असला तर जाता जाता कोणाच्या गाडीला लागेल, आणि लोक म्हणतील, साहेबांनी आधीच पाहून ठेवला.

अशा गोष्टी त्यांच्याबद्दल नेरमध्ये खूप सांगतात. हंगामात, म्हणजे दसऱ्यापासून होळीपर्यंत, ते कोणाच्याही घरी चहा पीत नसत. हळदीकुंकवाला काकूंना पाठवायचे, पण वाण परत करायला लावायचे. लग्नाला गेले तर पाण्याची बाटली घरून न्यायचे. एकदा कोणीतरी त्यांना बळेच पेढा दिला, तर त्यांनी तो कागदात गुंडाळून त्याच माणसाच्या खिशात परत ठेवला आणि वर हात जोडले. हे ऐकून मला हसू आलं, पण सांगणारा माणूस हसला नाही. तो म्हणाला, "त्रास देला राजा या माणसानं, पण खोटं नाही केलं."

त्यांचं एक वाक्य होतं. ते सगळ्यांना पाठ होतं. "माह्या हाताले लागलं तेवढंच मी बोलतो."

त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात बाहेरून खूप माणसं यायची. कापसाचा भाव पडलेला, बोंडात गुलाबी अळी, आणि गाडीतून उतरणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात कॅमेरा. एकदा काका बाजार समितीच्या फाटकाशी उभे होते, तर एका मुलीने त्यांच्यापुढे माइक धरला आणि विचारलं, "बाबा, इथली परिस्थिती पाहून तुम्हाला काय वाटतं?"

काका म्हणाले, "कोणती परिस्थिती?"

"म्हणजे, शेतकऱ्यांचं दुःख."

"ते माह्या हाताले नाही लागलं बाई. कापूस लागते. दाखवू का?" आणि त्यांनी तिला जवळच्या गाडीतला धागा ओढून दाखवला, अंगठे कसे धरायचे तेही शिकवलं. ती बिचारी बराच वेळ धागे ओढत उभी राहिली. ते टीव्हीवर दाखवलं नाही. पण जाताना तिने विचारलं की धागा मधेच तुटला तर काय समजायचं, आणि काका घरी येऊन काकूंना म्हणाले, "पोरगी सुपर होती."

आता एका मालिकेचं सांगते. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि इंग्रजी घेतलं होतं. घ्यायला नको होतं असं तेव्हा रोज वाटायचं. मॅडमनी सेमिनारला विषय दिला, कॅरेक्टर डेव्हलपमेंट. कादंबरी घ्या, सिनेमा घ्या, एखादी मालिका घ्या, पण त्यातली पात्रं कशी बदलत जातात ते स्वतः बघून सांगा. कादंबरी इंग्रजीतून वाचायची मला भीती वाटत होती. वर्गातल्या एका मुलीने पेन ड्राइव्हमध्ये एक जपानी कार्टून मालिका दिली. शाळेतल्या मुलांची पोहण्याची टीम, त्यांच्या स्पर्धा, त्यांची भांडणं. खाली इंग्रजी अक्षरं येत. मी ती घेतली याचं खरं कारण वेगळंच होतं. आमच्या तांड्याजवळच्या तलावात मुलगे पोहायचे आणि आम्ही मुली काठावर कपडे धुवायचो. पाण्याच्या आत माणूस कसा दिसतो हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

काकांच्या घरी मुलाने पाठवलेला जुना कॉम्प्युटर होता. त्याच्यावर काकूंनी विणलेलं क्रोशाचं कव्हर असायचं. मी विचारलं, वापरू का. काका म्हणाले, "काय पाह्यतं?"

"मालिका आहे काका. जपानी. कॉलेजच्या अभ्यासाची."

"अभ्यासाले कार्टून?"

"हो. पोहणाऱ्या मुलांचं आहे."

त्यांनी थोडा विचार केला. "तू माह्या घरात राह्यते. तुह्या कॅरेक्टरची जबाबदारी माह्यावर हाये. मी बाजूले बसतो." आणि खुर्ची ओढून बसले.

मालिका सुरू झाली आणि पहिल्याच दृश्यात टीममधली सगळी मुलं पोहण्याच्या चड्डीवर रांगेत उभी. काकांनी खुर्ची फिरवली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड केलं.

"कपडे घातले का त्यायनं?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

"नाही काका. ते पोहतायत."

"मंग पोहणं झालं का सांग."

पहिला भाग त्यांनी पूर्ण असा कॅलेंडरकडे बघून ऐकला. मी खालचं इंग्रजी वाचून अडखळत मराठी करत होते आणि ते "हं, हं" म्हणत होते. काकू दारात बसून अंबाडीची भाजी निवडत होत्या आणि पडद्याकडे सरळ बघत होत्या. शेवटी त्याच म्हणाल्या, "अवो, फिरा इकडं. लेकरं हायेत."

दुसऱ्या भागापासून काका फिरले, आणि मग तिसऱ्या भागाला मी अजून कॉलेजमधून आलेच नव्हते तर क्रोशाचं कव्हर काढून घडी करून ठेवलेलं होतं.

जपानी नावं त्यांना लक्षात राहत नसत. टीमचा कॅप्टन गळ्यात स्टॉपवॉच अडकवून फिरायचा, तो घड्याळवाला. एक मुलगा अंगाने जाड होता, नेहमी शेवटी यायचा, तो जाड्या. बाकीच्यांना त्यांनी नावं दिली नाहीत. त्यांना घड्याळवालाच आवडला. तो मुलगा मित्र असो की कोणी असो, काठावर उभा राहून ज्याचा जो टाइम तो सगळ्यांसमोर मोठ्याने सांगायचा. कमी नाही, जास्त नाही. काका मांडीवर हात मारून म्हणायचे, "सच्चा हाये पोट्टा. सुपर."

मी म्हणाले, "पण काका, मला याचंच कॅरेक्टर कसं बदलतं ते लिहायचं आहे."

"कायले बदलन? बदलत नाही त्यालेच तर कॅरेक्टर म्हणते. बदललं म्हणजे गेलं."

मी समजावायचा प्रयत्न केला. म्हटलं, हे कॅरेक्टर म्हणजे चारित्र्य नाही काका, पात्र. गोष्टीतलं पात्र.

"पात्र नदीचं बदलते," काका म्हणाले. "अन् बदललं का लोकायचे वावरं घेऊन जाते."

आणि ही चूक फक्त काकांचीच होती असंही नाही. कॉलेजात सेमिनारची सूचना मराठीत टाइप झाली तेव्हा माझ्या नावापुढे विषय आला होता, 'जपानी मालिकेतील चारित्र्यविकास'. ती वाचून प्राचार्य स्वतः येऊन पहिल्या बाकावर बसले. मी पडद्यावर चड्डीवरची मुलं दाखवली तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. शेवटी उभे राहून म्हणाले की आजच्या तरुणांनी पहाटे उठून पोहायला हवं, आणि मॅडम तोंडाला रुमाल लावून खिडकीकडे बघत राहिल्या. मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा काका हसले नाहीत. म्हणाले, "बरोबरच तर बोलले ते."

या घरात एक गोष्ट मात्र अशी होती की तिच्यावर काका कधी ग्रेड देत नसत. काकूंचं माहेर नेरपासून जवळच होतं, बसने गेलं तर चहा गार व्हायच्या आत पोचावं असं. तिथे काकूंचा एकच भाऊ. पण काकू माहेरी जात नव्हत्या आणि भाऊ इकडे येत नव्हता. भाऊबीजेला काकू ताट घेऊन अंगणात यायच्या आणि चंद्राला ओवाळायच्या. ज्यांना भाऊ नसतो त्या बायका ओवाळतात तसं. मी पहिल्या वर्षी बघितलं तेव्हा मला वाटलं, यांना भाऊच नसेल.

काय झालं होतं ते मला काकांनीच सांगितलं, अगदी सरळ, काही न लपवता. काका नोकरीत असताना एकदा कापसाचा भाव पडला, त्या साली यार्डाबाहेर गाड्यांची रांग लागायची, लोक गाडीखालीच झोपायचे. एका सकाळी काकांपुढे जी गाडी आली ती त्यांच्या साळ्याची. काकांनी हात घातला. कापूस ओला लागला. वजन वाढावं म्हणून काही लोक कापसावर पाणी मारत, आणि असा कापूस सापडला की गाडी रांगेतून काढत. काका सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले, "पाणी मारलं हाये. बाजूले घ्या."

"साळा होता म्हणून गप्प बसतो तर लोक काय म्हणले असते?" काका मला म्हणाले. "ओला होता पोरी. माह्या हाताले लागलं तेवढंच बोललो." काकू तिथेच होत्या. त्या उठून आत गेल्या आणि भांडी जरा जोरात ठेवली.

गाडी परत गेली. त्यानंतर काकूंच्या भावाने निरोप पाठवला की बहिणीनं कधीही यावं, भाटव्यानं येऊ नये. भाटवे म्हणजे बहिणीचा नवरा. काकूंनी उलट निरोप पाठवला की आलो तर दोघं येऊ. तेव्हापासून ते तसंच थांबलेलं होतं.

माघ महिन्यात एक दिवस फाटकाशी मोटारसायकल थांबली. काकूंचा भाचा होता. त्याच्या बहिणीचं लग्न ठरलं होतं. तो गाडीवरून उतरला पण आत आला नाही. पत्रिकेला हळदीकुंकू लावलेलं होतं, ती त्याने काकूंच्या हातात दिली आणि वाकून पाया पडला. काका तिथेच ओसरीवर, हाताच्या अंतरावर बसले होते. त्यांच्याकडे न बघता तो म्हणाला, "आत्या, तू ये."

"चहा घेऊन जा रे," काकू म्हणाल्या.

"नाही आत्या, लय घरं राह्यले." आणि गेला.

काकू पत्रिका घेऊन उभ्या होत्या. ही भाची त्यांनी अंगाखांद्यावर खेळवलेली होती. तिला पहिली काजळाची तीट मीच लावली, असं त्यांनी मला कितीतरी वेळा सांगितलं होतं.

"तू ये म्हणला," काका म्हणाले. "या नाही म्हणला."

"मले ऐकू येते."

"तू जा."

"मी एकटी नाही जात."

"माह्यामुळं कायले राह्यते?"

"मी तुमच्यामुळं नाही राहत. मले लग्नात लोकायनं विचारलं, भाटवे कुठी हायेत, तर मी काय सांगू? फेअर म्हणू का कवडी?"

लग्न जवळ येत होतं. काकूंनी भाचीसाठी साडी आणून ठेवली होती, पण ती त्यांनी कपाटात ठेवली नाही. पलंगावरच होती, दुकानाच्या पिशवीत. येता जाता दिसायची.

तरी मालिका चालूच होती. घड्याळवाला आणि जाड्याच्या भांडणाचा भाग लागला तेव्हा काकू नेहमीसारख्या दारात होत्या. सराव संपलेला आहे, टीमचे सगळे काठावर बसलेत, आणि घड्याळवाला एकेकाचा टाइम सांगतोय. जाड्याची पाळी आली. खाली अक्षरं आली, मी वाचली, "तुझा टाइम सर्वांत वाईट आहे." मग अजून काहीतरी आलं आणि पटकन गेलं. जाड्या उठला, टॉवेल घेतला आणि गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

"आता यात रुसण्यासारखं काय हाये?" काका म्हणाले. "टाइम तोच होता ना? घड्याळात दिसून राह्यला."

"अजून काहीतरी म्हणला तो," काकू म्हणाल्या.

"काय म्हणला? तुले जपानी येते काय?"

"मले नाही येत. तोंड पाहा त्या लेकराचं. टाइम आयकला तवा ते खाली पाहत होतं. मंग एकदम वर पाह्यलं त्यानं. पोरी, मागं घे बरं."

मी मागे घेतलं. काका म्हणाले, "थांबव." मी थांबवलं. ते जे पटकन गेलं होतं ते आता पडद्यावर उभं राहिलं. मला एका शब्दाचा अर्थ येत नव्हता, डिक्शनरी काढावी लागली.

"तू सराव चोरतोस," मी वाचलं.

"चोरते का तो?" काकांनी विचारलं.

"नाही काका. मागच्या भागात तो आजीला घेऊन दवाखान्यात जायचा ना, तेव्हा त्याचा सराव बुडायचा. घड्याळवाल्याला ते माहीत नव्हतं."

काकूंनी अंबाडीची काडी मोडली. त्या पडद्याकडे बघत नव्हत्या, काकांकडेही नाही. परातीकडे बघून बोलल्या.

"टाइम घड्याळात दिसते. चोरी कुठी दिसली त्याले?"

त्यांनी आणखी एक काडी मोडली.

"हाताले ओलं लागते," काकू म्हणाल्या. "पाणी मारलं, हे हाताले कसं लागते?"

एवढं बोलून त्या परात घेऊन आत गेल्या. मी मालिका पुढे चालू करायला हात पुढे केला, पण काका म्हणाले, "राहू दे आज." ते खुर्चीवर बसून राहिले. पडद्यावर जाड्याचा चेहरा तसाच थांबलेला होता. एकदा काकांनी आपला उजवा हात उलटासुलटा करून बघितला, जसं कोणी काटा रुतला आहे का ते बघतं. मला तिथे बसावं की उठावं कळेना. शेवटी मी हळूच उठले.

पुढचे काही दिवस ते मालिका बघायला आले नाहीत. मी एकटीच बघून संपवली. मग एका सकाळी मी हौदावर कपडे धूत होते तेव्हा ते येऊन उभे राहिले, हात मागे बांधून.

"त्या घड्याळवाल्याचं काय झालं पुढं?"

मी सांगितलं. तो एक दिवस जाड्या जिथे एकटाच पोहायला जातो त्या तलावावर गेला. गळ्यातलं घड्याळ काढून काठावर ठेवलं आणि पाण्यात उतरून जाड्याच्या बाजूने पोहत राहिला, त्याच्याच वेगाने.

"माफी मागतली?"

"नाही."

"चोर नाही हायेस असं म्हणला?"

"नाही काका. नुसता बाजूला पोहला. मग दोघं बरोबर बाहेर आले."

"अन् तेवढ्यात मिटलं?"

"मालिकेत मिटलं."

"फेअर," ते म्हणाले. "सुपर नाही. चारचौघांत बोलला होता ना तो? मंग असं एकट्यात पोहून कसं मिटते?"

मला वाटतं, मॅडमनी दिलेल्या विषयावर इतकं नेमकं मला कोणीच सांगितलं नाही. पण माझा सेमिनार तेव्हा होऊन गेला होता.

लग्नाच्या आदल्या दिवशी, मांडव घालतात त्या दिवशी, सकाळी काकांनी धुतलेला पांढरा शर्ट घातला आणि ओसरीवर येऊन म्हणाले, "चाला." काकूंनी साडीची पिशवी घेतली. मलाही म्हणाल्या, "तू पण चाल वं." काका म्हणाले, "हो, चाल. कॉलेजची पोरगी संगं असली तर लोक एकदम हाकलत नाही." हा विनोद होता की काय ते मला बसमध्ये बसेपर्यंत समजलं नाही. काकूंनी पिशवी मांडीवर घेतली होती आणि दोन्ही हातांनी धरली होती. वाटेत बसमध्ये जागा झाली, मी म्हटलं, वर ठेवू का, तर त्यांनी नुसती मान हलवली.

घरासमोर मांडव अर्धा उभा राहिला होता. पुढची खोली कापसाने छतापर्यंत भरलेली. भाव वाढायची वाट बघत तेव्हा घरोघर असाच कापूस भरून ठेवलेला असायचा, त्यामुळे पाहुणे सगळे बाहेरच बसले होते. काकूंचा भाऊ खांबाला दोरी बांधत होता. त्याने बघितलं. "आली? ये, बस," काकूंना म्हणाला. मग परत दोरीकडे वळला. काकू दाराजवळच्या खाटेच्या काठावर टेकल्या, पिशवी मांडीवरच. भावजयीने डोक्यावरचा पदर सारखा करत आम्हा तिघांना पाणी आणून दिलं. काकांनी पेला घेतला, पण प्यायले नाहीत.

मांडवातून एक म्हातारे ओरडले, "ग्रेडरसाहेब आले वाटते! पाहा बरं साहेब, मांडव कोणत्या ग्रेडचा हाये?"

लोक हसले. दुसरा म्हणाला, "चहा चालन का आज? का होळीपर्यंत बंदच?"

"बाटली आणली असन घरून," तिसरा म्हणाला.

काकांनी पेला खाली ठेवला आणि उठले. कापसाच्या खोलीच्या दाराशी गेले. मला वाटलं, ते परत निघाले. पण त्यांनी मागे बांधलेले हात सोडले, दारातून बाहेर आलेल्या कापसातून चिमूटभर घेतला आणि अंगठ्यांत धरून ओढला. हसणं थांबलं. काकूंच्या भावाने दोरी सोडली.

"काय म्हणते हात?" तो म्हणाला. आवाजात काहीच नव्हतं, ना राग ना काही.

"सुपर हाये," काका म्हणाले. मग ते मांडवाकडे तोंड करून उभे राहिले, यार्डात उभे राहत असतील तसे, आणि तेवढ्याच मोठ्याने बोलले. "त्या साली यार्डात माह्या साळ्याचा कापूस ओला होता. मी आजबी ओलाच म्हणतो."

"झालं!" कोणीतरी म्हणालं. मी काकूंकडे बघितलं. त्यांनी पिशवी छातीशी धरली होती.

"ओला होता. पण पाणी मारलं म्हणलो, ते माह्या हाताले नव्हतं लागलं. ते मी मनानं बोललो. साळ्याची गाडी होती म्हणून जास्त जोरानं बोललो. यायनं पाणी नव्हतं मारलं."

एक लहान पोर खांबावर चढत होतं, त्याला कोणीतरी हाताला धरून खाली घेतलं.

काकूंचा भाऊ जमिनीकडे बघत होता. "दव होतं," तो म्हणाला. "रातभर गाडी उघड्यावर उभी होती. झाकाले ताडपत्री नव्हती."

"हो. दव असन," काका म्हणाले.

"असन नाही. होतं."

काकांनी चिमटीतल्या कापसाकडे बघितलं. ते त्या रात्री तिथे नव्हते. सकाळी आले तेव्हा ऊन पडलं होतं.

"होतं," काका म्हणाले.

भावाने खांबाची दोरी उचलली. एक टोक स्वतः धरलं आणि दुसरं काकांकडे केलं. "वढा भाटवे," तो म्हणाला, आणि काकांनी ओढलं.

"आत चूल कुठी मांडली वं?" काकूंनी भावजयीला विचारलं. उत्तराची वाट न बघता त्यांनी पिशवी तिच्या हातात दिली, पदर खोचला आणि घरात गेल्या.